दर दुसऱ्या फेरीला

जुन्या वर्तमानपत्राच्या चार पानांवर मी सगळं ओळीने मांडलं होतं: एकशे चौदा कड्यांची एक चेन, एकशे चव्वेचाळीस कड्यांची दुसरी, मागच्या चाकाच्या नऊ दातेरी चक्र्या, उजव्या पायडलाजवळची तीन दातेरी चेनव्हील, रॉकेलचा डबा, दात घासायचे दोन जुने ब्रश, चेनची पिन काढायचं हत्यार, साठ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि बोल्ट. बोल्ट पाच हवे होते, चारच भरले. मी परत मोजले.

"पाचवा माझ्याकडे आहे," चारुताई म्हणाल्या. "मघाशी तुझ्या हातून निसटला, तेव्हा गडगडत इकडे आला."

त्यांनी मूठ उघडून बोल्ट पुढे केला. त्या पार्किंगमधल्या पायरीवर बसल्या होत्या आणि बोल्ट पडल्याचं मला कळलंही नव्हतं.

ही अकरा वर्षांपूर्वीची, नाशिकची गोष्ट. चारुशीला गायधनी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय बेचाळीस. चोविसाव्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याच्या आजारात त्यांची दृष्टी गेली ती पूर्णच. मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते आणि उरलेल्या वेळात आमच्या क्लबबरोबर सायकल चालवत होते. क्लबकडे दोघांनी चालवायची एक सायकल होती. भद्रकालीतल्या निवृत्तीनाना मुर्तडकांनी दोन सांगाडे कापून, वेल्डिंग करून जोडलेली. वजन बावीस किलो. पुढचा माणूस हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळतो, मागच्याचं हँडल नुसतं धरायला असतं. पायडल मात्र दोघांनाही असतात. डावीकडची लांब चेन पुढची पायडलं मागच्या पायडलांना जोडते, म्हणजे दोघांचे पाय एकत्र फिरतात. मागच्या पायडलांपासून चाकापर्यंत जोर पोचवते ती उजवीकडची चेन. पुढे मी बसायचे, मागे ताई.

आठवडाभराने, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दोनशे किलोमीटरची राइड होती. नाशिकहून आग्रा रोडने मालेगावच्या अलीकडपर्यंत जायचं आणि परत यायचं. मुदत साडेतेरा तास. ही स्पर्धा नव्हती. कितवे आलात याला महत्त्व नव्हतं, वेळेत आलात की नाही एवढंच बघायचे. ताईंनी आदल्या वर्षीही ती सुरू केली होती, एका इंजिनीअरच्या मागे बसून. एकशे पासष्टाव्या किलोमीटरला त्या गृहस्थांनी सायकल थांबवली आणि क्लबची गाडी बोलावून घेतली. "ताई दमल्यात, त्यांना झेपणार नाही," असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, ते ताईंनी शेजारी उभं राहून ऐकलं.

माझ्याबरोबर बसायला तयार होताना त्यांनी एकच अट घातली होती. "थांबायचं की नाही, हे मला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही." मी तात्काळ हो म्हटलं होतं. त्या वेळी ही अट मला फारच सोपी वाटली.

त्या दुपारी मी चेन मोजत होते. कडी अर्ध्या इंचाची असते. चोवीस कड्यांची लांबी तीनशे चार पूर्णांक आठ मिलिमीटर भरायला हवी. चेन जुनी होते म्हणजे पिना झिजतात, प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते आणि चोवीस कड्यांवर ती पट्टीने मोजता येते. उजवी चेन तीनशे आठ भरली. शेकड्याला एक. संपली होती ती.

"दातसुद्धा बघ," ताई म्हणाल्या.

मधलं चेनव्हील त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि अंगठ्याचं नख एकेका दातावरून फिरवत होत्या. मी बघितलं. दात एका बाजूला झुकले होते, मांजराच्या नखांसारखे. झिजलेली चेन दातांनाही आपल्या मापाचं करून घेते. त्यांच्यावर नवी चेन टाकली तर ती बसत नाही, जोर लावला की दातावरून उडी मारते. म्हणून चेनबरोबर मागच्या चक्र्या आणि हे मधलं चेनव्हीलही बदलायचं होतं. नवं सामान मी सकाळीच नानांकडून आणलं होतं.

"शेहेचाळीस," ताईंनी दात मोजून सांगितले.

मी पट्टी बाजूला ठेवून मोजले. शेहेचाळीसच होते. मला त्यांच्या दुप्पट वेळ लागला.

डावी चेन तीनशे सहा भरली. म्हणजे शेकड्याला अर्ध्याहूनही कमी. सकाळी दुकानात नानांनी सांगितलं होतं की पोरी, बदलायच्या तर दोन्ही बदल, एकीला नवं लुगडं आणि दुसरीला जुनं असं करू नये. मी त्यांना सांगितलं की पट्टी लावून बघते, मग ठरवते. पट्टी लावल्यावर ठरलंच. डावी चेन अजून दोन हजार किलोमीटर आरामात चालली असती. तिला फक्त धुवायचं होतं.

ती धुवायला उघडणं भाग होतं. मी हत्याराने एक पिन ढकलून काढली, चेन रॉकेलमध्ये घासली, वाळवली, तेल दिलं आणि तीच पिन परत दाबून बसवली. बाहेरच्या बाजूने बोट फिरवून बघितलं. बाकीच्या पिनांइतकीच वर आलेली वाटली. सांगाड्याकडच्या बाजूने मी बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत सायकल उभी राहिली. मी पायडल हाताने फिरवलं आणि चेन नऊच्या नऊ चक्र्यांवरून चढवून उतरवून दाखवली. म्हणजे ऐकवली.

"छान," ताई म्हणाल्या. "शिवणाच्या मशीनसारखा आवाज येतोय."

मलाही तसंच वाटलं. मी खूश होते. मनातल्या मनात मी हेही ठरवून टाकलं होतं की घाट मी नीट चढवून नेईन. दोघींच्या जोरात दोन तृतीयांश माझा असेल असा माझा अंदाज होता. तो कशावरून, हे मात्र मी कधी तपासलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. येताना सोमेश्वरच्या आसपास ताई म्हणाल्या, "डावीकडे काहीतरी टक करतंय."

"कधी?"

"दर दुसऱ्या फेरीला. बरोबर दर दुसऱ्या."

मी कान दिला. मला वारा आणि टायर सोडून काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं की उजवी चेन नवी आहे, ती दातांवर बसायला शंभरेक किलोमीटर लागतात, तोवर थोडा आवाज येतोच. ताई म्हणाल्या की आवाज डावीकडून येतोय. मी त्यांना समजावलं की सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो, आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडून येतो. पोकळ नळीतून आवाज कसा जातो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते.

"बरं," ताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही निघालो. दोघींची वेगवेगळी कार्डं होती. प्रत्येक थांब्यावर त्यांवर वेळ लिहून सही घ्यायची. थंडी होती आणि रस्ता मोकळा. मी रस्ता सांगत होते: खड्डा, डावीकडून ट्रक, गिअर बदलते, उतार, सोड. "सोड" म्हटलं की दोघींनी पाय थांबवायचे. ताई कधी चुकत नसत. पिंपळगावच्या पुढे द्राक्षांच्या बागांवर धुकं होतं, ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, फवारणीचा वास येतोय, धुक्याचं कौतुक पुरे.

चांदवडच्या अलीकडे चहाला थांबलो. चहावाले बाबा बराच वेळ सायकलकडे बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "मागच्या ताई पायडल मारता का नुसत्या बसेल राहता?"

"मला विचारा की," ताई म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

बाबा ओशाळले. त्यांनी ताईंनाच विचारलं. ताई म्हणाल्या, "उतारावर बसेल राहते. चढ आला की ही पुढची बसेल राहते." बाबा हसले. मीही हसले.

साडेनऊला चांदवड सोडून राहुड घाट उतरून आम्ही खूप पुढे होतो. साडेअकराच्या आत एकशे एक पूर्णांक पाच किलोमीटरवरचा परतीचा थांबा गाठला. क्लबचे बापू खैरनार तिथे कार्डांवर सह्या करत होते. गाडीही त्यांचीच होती. कुणी वाटेत थांबलं की तेच उचलून आणत. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले की बाई, अशीच ने त्यांना. त्या शब्दांकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. ताई केळं सोलत होत्या. त्यांनी लक्ष दिलं असावं.

परतताना राहुड घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मीटर एकशे एकतीस पूर्णांक चार दाखवत होता. वेग चांगला होता, पाय ताजे होते. चढ सुरू झाल्यावर मी हलका गिअर टाकला, "आता जोर" म्हटलं आणि पायडलवर उभी राहिले.

पायाखालचं सगळं एकदम नाहीसं झालं. जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं. खालून कर्कश आवाज आला, काहीतरी गुरफटलं आणि पुढची पायडलं जागच्या जागी घट्ट अडकली. मी दोन्ही ब्रेक दाबले.

"डावी," ताई म्हणाल्या.

सायकल रस्त्याच्या कडेला घेऊन मी खाली वाकले. डावी चेन तुटली होती. तुटलेलं टोक पुढच्या चेनव्हीलच्या आणि सांगाड्याच्या मध्ये शिरलं होतं, आणि माझ्याच जोराने ते चेनव्हील पापडासारखं वाकलं होतं. त्याची कड नळीत रुतून बसली होती. ते ना पुढे फिरत होतं, ना मागे. चेन ओढून काढायला मला वीस मिनिटं लागली. तुटली होती ती कडी मी बघितली. मी बसवलेल्या पिनेचीच. आतल्या बाजूला पिन अर्धा मिलिमीटर कमी पडली होती, बाहेर तेवढीच जास्त राहिली होती आणि माझ्या बोटाला ते कळलं नव्हतं.

चेन जोडून उपयोग नव्हता. ती चढवायची कशावर? असलं चेनव्हील चांदवडला काय, नाशिकलाही नानांशिवाय कुणाकडे मिळालं नसतं. मी बापूंना फोन लावला. ते म्हणाले, "सावलीत बसा. पाऊण तासात येतो. सायकल टपावर टाकू. ताईंना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी बघू."

फोन ठेवून मी हे ताईंना सांगितलं. त्या एका दगडावर बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"तू बोलावलंस त्यांना?"

"हो."

"मला विचारून?"

मी फोन खिशात घातला.

"असू दे. आता सांग. उजवी चेन कशी आहे?"

"उजवी ठीक आहे."

"मागची चक्री?"

"ठीक आहे. सगळं ठीक आहे, पण ताई, माझी पायडलं…"

"तुझी अडकलीत," त्या म्हणाल्या. "माझी?"

मी सायकलकडे बघितलं. डावी चेन नव्हती, म्हणजे पुढच्या पायडलांचा मागच्यांशी संबंध उरला नव्हता. पण मागच्या पायडलांपासून चाकापर्यंतची चेन नवी, घट्ट, तेल दिलेली होती. मी मागचं पायडल हाताने फिरवलं. चाक फिरलं.

हे मला सुचायला पंचवीस मिनिटं लागली होती आणि तेही मला सुचलं नव्हतं.

"तुझे पाय सुटलेत," ताई म्हणाल्या. "माझे नाहीत. तू पुढे बस, रस्ता सांग. बाकीचं मी बघते."

मी आकडे मांडले. गप्प बसवत नाही मला. राहिलेलं अंतर बहात्तर किलोमीटर. राहिलेला वेळ सहा तास दहा मिनिटं. तासाला पावणेबारा किलोमीटर पडायला हवेत, न थांबता. ताईंचं वजन अठ्ठावन्न, माझं चोपन्न, सायकल बावीस, सामान चार. एकशे अडतीस किलो, एकटीच्या पायांवर, आणि पहिल्यांदा घाट. मी म्हटलं, "ताई, हे फार आहे."

"मागच्या वर्षी त्यांनीही असेच आकडे सांगितले होते. फक्त मला नाही, फोनवर." त्या उठल्या आणि हाताने सीट चाचपली. "तू मला काय विचारायचं ठरलं होतं?"

 "जमेल?" मी विचारलं.

"घाटाचं माहीत नाही. एकदा घाट संपला की जमेल."

एक वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो. मी सर्वांत हलका गिअर टाकला आणि अडकलेल्या पायडलांवर पाय टेकले. पहिल्या शंभर मीटरला सायकल इतकी डुलली की मी दोनदा उतरायला निघाले. ताशी पाच-सहाच्या वेगात तोल धरणं हे वेगळंच काम असतं. हँडलवरचा हात सैल ठेवायचा, खांदे सोडायचे, नजर लांब टाकायची. तोवर मी ते कधी केलं नव्हतं, कारण तोल ढळला की पाय जोरात मारायचे एवढंच मला माहीत होतं. आता पाय नव्हतेच. मागून एकेक ढकल येत होती आणि ती मला सीटमधून, कण्यातून कळत होती. उजवा, डावा. उजवा, डावा. उजवा किंचित जड. एवढे महिने त्यांच्या पुढे बसून मला हे माहीत नव्हतं.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"थोडंच."

"थोडंच नको. मीटर सांग."

मी मीटरवर बघितलं. "सोळाशे."

"दर दोनशेला सांग."

मी दर दोनशेला सांगू लागले. चौदाशे. बाराशे. ट्रक शेजारून घोंघावत जायचे, त्यांच्या वाऱ्याने हँडल ओढलं जायचं. आठशेला त्यांचा श्वास बदलला. तोंडाने घेऊ लागल्या. मी म्हटलं की उतरून चालू या, चालायला परवानगी आहे. त्या पायडल मारत राहिल्या. पुढच्या दोनशेला मी आकडा सांगायला दोन सेकंद उशीर केला तर मागून आवाज आला, "सहाशे झाले का?" झाले होते.

चारशेवर असताना बापूंची गाडी मागून आली आणि आमच्या शेजारी चालू लागली. बापूंनी काच खाली केली. त्यांनी आधी माझे स्थिर पाय बघितले, मग मागे बघितलं.  ते म्हणाले, "केतकी, ताईंना म्हणावं, आता बस झालं. गाडीत बसा."

ताईंना बोलायला श्वास नव्हता, तरी त्या बोलल्या. एकेक शब्द, एकेका फेरीला.

"बापू. मला. सांगा. आणि सामान. आज. पुढे. बसलंय."

बापूंनी काच वर केली. गाडी मागे राहिली आणि घाट संपेपर्यंत आमच्या मागे, ट्रकांच्या आणि आमच्या मध्ये, दिवे लावून चालत राहिली.

दोन पूर्णांक चार किलोमीटरचा तो चढ. सत्तावीस मिनिटं लागली. माथ्यावर ताईंनी सायकल थांबवायला सांगितली, पाय खाली टेकवले आणि हँडलवर डोकं ठेवून उभ्या राहिल्या. मी पाण्याची बाटली उघडून हातात दिली. त्यांनी अर्धी प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली.

चांदवडच्या थांब्यावर सही घेताना आम्ही दहा मिनिटं बसलो. मी तोवर डोक्यात एक गणित केलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवेना.

"ताई, डावी चेन एकशे चव्वेचाळीस कड्यांची. डावीकडची पुढची-मागची दोन्ही चेनव्हील छत्तीस दातांची. एकशे चव्वेचाळीस भागिले छत्तीस, चार. म्हणजे एखादी कडी खराब असेल तर ती पायडलांच्या चार फेऱ्यांत पूर्ण फिरून जागेवर येते. आणि तेवढ्यात दोन चेनव्हीलवरून जाते. एकदा तुमच्या, एकदा माझ्या."

"म्हणजे दर दुसऱ्या फेरीला," ताई म्हणाल्या.

"हो. उजवीकडची असती तर एकशे चौदा भागिले शेहेचाळीस. जवळजवळ अडीच. तुम्ही दुसऱ्या म्हणालात तेव्हाच कळायला हवं होतं की डावीच आहे. आवाज कुठून आला हा प्रश्नच नव्हता."

"हे बुधवारी मोजता आलं असतं?"

"हो."

"किती वेळ लागला असता?"

"एक मिनिट."

त्यांनी लाडवाचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावून गिळला. "मग पुढच्या वेळी ते मिनिट काढ," त्या म्हणाल्या. "चल, माझे पाय गार पडतायत."

चांदवडपासून पुढचा रस्ता बराचसा उताराचा आणि सपाट आहे. सपाटीवर त्या ताशी पंधरा धरून होत्या, उतारावर पंचवीस. मी गिअर बदलत होते, रस्ता सांगत होते, वाऱ्याच्या आड येईन इतकी रुंद होऊन बसत होते. वडनेरच्या आसपास समोरून वारा सुटला तेव्हा मी हनुवटी हँडलला टेकवली, म्हणजे वारा माझ्यावरून जाईल आणि त्यांना कमी लागेल. त्या ओरडल्या, "वाकलीस ना? वाकू नकोस. सरळ बस. तू वाकलीस की वारा थेट माझ्या छातीवर येतो." मी सरळ बसले. त्यांचंच खरं होतं. मी कमीत कमी जागा व्यापायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना माझी पूर्ण पाठ हवी होती.

पिंपळगावला त्यांच्या डाव्या पोटरीत गोळा आला. आम्ही उतरलो. मी पोटरी दाबून दिली. रस्त्याकडेला दोन द्राक्षवाल्या बाया होत्या. त्यांनी न विचारता एक घड हातात ठेवला आणि बसायला रिकामा क्रेट दिला. बारा मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं आणि वेळ सांगितली. आणि मग विचारलं, "पुढे जायचं?"

"हे विचारलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

ओझरनंतर अंधार पडला. मी दिवा लावला. ताईंना काही फरक पडणार नव्हता, तरी मी सांगितलं की दिवा लावलाय. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी ना? लाव." आडगावच्या पुढे शहराची गर्दी सुरू झाली. रिक्षा, मोटरसायकली, सिग्नल. प्रत्येक सिग्नलला थांबल्यावर एकशे अडतीस किलो पुन्हा शून्यातून हलवायचे. पहिल्या ढकलीला त्यांच्या तोंडातून आवाज निघायचा. एकूण सात सिग्नल लागले. मी मोजत होते, ताईही मोजत होत्या. सातवा सुटला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता एकही नको." पुढे एकही नव्हता.

शेवटचा थांबा एका कार्यालयाच्या आवारात होता. पंधरा-वीस जण उभे होते. बापू आधीच पोचले होते आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं दिसत होतं, कारण आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. निवृत्तीनाना आपल्या दुकानाला कुलूप घालून आले होते. ते सरळ सायकलपाशी गेले, बॅटरी मारून वाकलेलं चेनव्हील बघितलं, मग उजवी चेन अंगठ्याने दाबून बघितली. मान हलवली.  ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ताईंनी कार्ड स्वतःच्या हाताने पुढे केलं. सही झाली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी मिठाचं पाणी. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या. ते त्यांना लपवता येत नव्हतं आणि त्या लपवतही नव्हत्या.

बापू फोन घेऊन माझ्याकडे आले. क्लबच्या ग्रुपवर बातमी टाकायची होती, फोटोखाली दोन ओळी. त्यांनी लिहायला सुरुवातही केली होती. मला वाचून दाखवलं: केतकी बच्छाव यांनी चारुशीलाताई गायधनी यांना घेऊन…

मी म्हटलं, "बापू, ते खोडा. मी सांगते तसं लिहा."

मी मीटर बघितला, घड्याळ बघितलं आणि सांगितलं.

"चारुशीला गायधनी. दोनशे तीन किलोमीटर. तेरा तास सतरा मिनिटं. केतकी बच्छाव. एकशे एकतीस किलोमीटर."